आधी मत, मग चित्रपट

शुक्रवारच्या वर्तमानपत्रात एक रकाना हमखास असतो. नाव काहीही असो, 'या आठवड्याचे नवे चित्रपट', 'आजपासून पडद्यावर' किंवा असंच काही. चार-पाच चित्रपट आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा ओळी. हा सहकुटुंब बघण्यासारखा, तो टीव्हीवर आल्यावर बघितला तरी चालेल, तिसऱ्याची गाणी बरी आहेत पण दिग्दर्शकाचे मागचे दोन चित्रपट लक्षात घेता फार अपेक्षा ठेवू नये, वगैरे. लिहिणाऱ्याने यातले किती चित्रपट पाहिलेले असतात? कधी एखादा, कधी एकही नाही. ट्रेलर, गाणी, कलावंतांची नावं आणि कुणाची तरी मुलाखत एवढ्या सामग्रीवर तो भाकीत करतो. आपणही ते वाचतो आणि रविवारचा बेत ठरवतो. आता वर्तमानपत्राची जागा बऱ्याच घरांत मोबाइलने घेतली आहे, पण रीत तीच. चित्रपट दिसायच्या आधी त्याच्याविषयीचं मत घरात येऊन बसलेलं असतं.

ही रीत काही आजची नाही. आपल्याकडे ती चित्रपटापेक्षाही काही तासांनी जुनी आहे.

७ जुलै १८९६. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने संध्याकाळी सिनेमॅटोग्राफचे खेळ केले. सहा, सात, नऊ आणि दहा वाजता असे चार खेळ, आणि तिकीट एक रुपया. पॅरिसमध्ये लोकांनी पैसे मोजून हे यंत्र पाहिलं त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. पण त्या संध्याकाळच्या आधी सकाळी 'टाइम्स ऑफ इंडिया'त जाहिरात आली होती. शतकातला चमत्कार, जगातलं आश्चर्य, अशा शब्दांत तिने या नव्या वस्तूची ओळख करून दिली होती. म्हणजे आगगाडी स्टेशनात शिरताना पडद्यावर कशी दिसते हे मुंबईतल्या एकाही माणसाने पाहण्याआधी, ते शतकातलं आश्चर्य आहे हे मुंबईला सांगून झालं होतं. हिंदुस्थानातलं चित्रपटाविषयीचं पहिलं छापील मत हे असं विकणाऱ्याचं होतं.

आणि ते खोटंही नव्हतं बरं का! लोकांना खरोखरच चमत्कार वाटला. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं लागली आणि पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळ्या जागा राखल्या गेल्या. हे पाहायला आलेल्यांत एक मराठी छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. त्यांनी पुढे स्वतःच कॅमेरा मागवला आणि हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागतही टिपलं. चमत्काराची जाहिरात कधी कधी अशीही फळते.

पण विकणाऱ्याच्या मताला लगाम नसतो. सोळा वर्षं पुढे या. १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लागला. एका नाटकाचं केलेलं हे चित्रीकरण होतं. चित्रणाचा कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस दोन्ही बाहेरचे, फिल्म धुण्यासाठी लंडनला गेलेली. आठवड्याने म्हणजे २५ मे रोजी वर्तमानपत्रात जाहिरात आली. तिचा मथितार्थ असा की, मुंबईतल्या जवळपास निम्म्या हिंदू लोकांनी हा चित्रपट गेल्या आठवड्यात पाहिला आहे आणि कार्यक्रम बदलण्याआधी उरलेल्या निम्म्यांनीही तो पाहावा अशी आमची इच्छा आहे. आता आपण साधा हिशेब करू. १९११ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती दहा लाखांच्या थोडी आत होती. त्यातले निम्मे हिंदू म्हणजे काही झालं तरी तीनएक लाख माणसं. ती एका आठवड्यात, एका थिएटरात! कॉरोनेशनच्या खुर्च्यांवर माणसांवर माणसं रचली असती तरी ते जमलं नसतं. पण वाचणारा हिशेब करत बसत नाही. 'सगळे जाऊन आले, मीच राहिलो' एवढंच त्याच्या मनात उतरतं. आजही 'पहिल्या तीन दिवसांत इतके कोटी' ही बातमी आपल्यावर नेमकं हेच काम करते.

पुढच्या वर्षी दादासाहेब फाळके आले, आणि त्यांच्यापाशी या विषयाचे दोन उत्तम धडे आहेत.

पहिला धडा मुंबईचा. 'राजा हरिश्चंद्र' सर्वांसाठी खुला झाला तो ३ मे १९१३ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये. पण त्याआधी २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात फाळक्यांनी एक खास खेळ केला. शहरातली प्रतिष्ठित मंडळी आणि वर्तमानपत्रांचे संपादक यांना बोलावलं. विचार करा, हातातलं सगळं या एका उद्योगात घातलेला माणूस, विम्याची पॉलिसी गहाण, घरातले दागिने गेलेले. तो तिकीटबारी उघडण्यापूर्वी बारा दिवस आपला चित्रपट बाहेरच्या माणसांपुढे ठेवतो. आवडला नाही तर ते चारचौघांत बोलणार, छापणार. इथे पहिल्यांदा विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला आधी बोलायची संधी मिळाली, आणि ती विकणाऱ्यानेच दिली. चित्रपट मंडळी आज ज्याला 'प्रेस शो' म्हणतात, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

दुसरा धडा सुरतेचा. मुंबईत जम बसल्यावर फाळके चित्रपट घेऊन सुरतेला गेले. पहिल्या दिवसाचा गल्ला किती झाला, तर तीन रुपये. तिथल्या भागीदाराची कुरकूर अशी की आमच्याकडे दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायला मिळतं, तुमचा खेळ दीड तासात संपतो आणि तीन आणे मागता! लोकांच्या लेखी करमणूक ही वजनाने घ्यायची गोष्ट होती. फाळक्यांनी तक्रार ओळखली आणि दुसऱ्या दिवशी जाहिरात दिली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. गल्ला तीनशे रुपयांवर गेला असं सांगतात.

आता गंमत पाहा. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागलं तर साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर येतं. मैलाचे फूट पाच हजार दोनशे ऐंशी. म्हणजे ते चित्र दोन मैल सोडा, पाऊण मैलसुद्धा भरत नाही. चित्रांची संख्या खरी धरली तर लांबी खोटी ठरते. फाळक्यांसारखा यंत्रातला आणि तंत्रातला जाणकार माणूस, त्याला हे ठाऊक नसेल? ठाऊक असणारच. पण सुरतेच्या माणसाला कथा, अभिनय, तारामतीचं दुःख हे काही सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला मोजमाप हवं होतं, ते त्यांनी दिलं. मी याला फसवणूक म्हणणार नाही, कारण आत गेलेला माणूस परत जाऊन दुसऱ्याला पाठवत होता. पण प्रदर्शनापूर्वीचं मत चित्रपटाविषयी जेवढं बोलतं, तेवढंच ते ऐकणाऱ्याविषयीही बोलतं. तो कशाला भुलेल हे ओळखून ते बेतलेलं असतं.

मूकपटांच्या काळात हे मत रस्त्यावरून चालत यायचं. टांगा किंवा हातगाडी, तिच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक, पुढे बँड नाहीतर नुसता ढोल, आणि मुलांच्या घोळक्यात उधळली जाणारी रंगीत हँडबिलं. 'आजपासून', 'आपल्या शहरात प्रथमच', 'गर्दी टाळण्यासाठी लवकर या' हे शब्द त्या हँडबिलांनी मराठीत रुजवले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी याला कलेचं अंग दिलं. ते मुळात चित्रकार. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आपल्याकडच्या जुन्यात जुन्या उपलब्ध चित्रमय पोस्टरांपैकी मानलं जातं. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेली पुस्तिका काढण्यातही ते पुढे होते.

बोलपट आले आणि या पुस्तिकेला गाण्यांची जोड मिळाली. थिएटरच्या दारात विकली जाणारी ती पातळ चोपडी ज्यांनी हाताळली आहे त्यांना आठवेल. आत कलावंतांची नावं, मग गाणी, आणि सुरुवातीला 'कथासार'. नायक-नायिकेची भेट, गैरसमज, खलनायकाचा डाव, इथपर्यंत गोष्ट यायची आणि नेमक्या वळणावर थांबायची. पुढे काय झालं? ते रुपेरी पडद्यावर पाहा! शेवट न सांगता कथा कशी सांगावी, हा आजच्या समीक्षकांना छळणारा प्रश्न त्या चोपड्या लिहिणाऱ्या अनामिक लेखकांनी केव्हाच सोडवला होता.

इथपर्यंत जे चाललं होतं ते निर्मात्याचं, त्याच्या पैशाने आणि त्याच्या सोयीचं. १९३५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतून 'फिल्मइंडिया' नावाचं इंग्रजी मासिक निघालं आणि चित्र पालटलं. संपादक बाबूराव पटेल. मूळचे आपले पालघरकडचे पाटील, शाळा-कॉलेजच्या पदव्या फारशा नाहीत, आधी काही मूकपट-बोलपट स्वतः दिग्दर्शित केलेले. आणि इंग्रजी असं लिहायचे की वाचणाऱ्याला झोंबलंच पाहिजे. मासिकातला बराचसा मजकूर ते एकटाकी लिहीत, टोपणनावाखाली गप्पाही लिहीत. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं हा तर स्वतंत्र करमणुकीचा विषय होता. पुढे सुशीलाराणी या गायिकेशी त्यांचा विवाह झाला आणि त्याही मासिकाच्या कामात आल्या.

बाबूरावांनी काय केलं, तर चित्रपटाविषयी आधी आणि मोठ्याने बोलण्याचा निर्मात्याचा मक्ता मोडला. कोणता चित्रपट कुठे तयार होतो आहे, त्यात काय चाललं आहे, पैसा कुठे उधळला जातो आहे, हे चित्रपट पूर्ण होण्याआधीच छापून येऊ लागलं. प्रदर्शनानंतरचं परीक्षण म्हणजे तर चामडी लोळवणंच. त्यांच्या एका अंकाने नट-नट्यांची झोप उडत असे, हे त्या काळच्या अनेकांनी लिहून ठेवलं आहे. गंमत अशी की त्याच अंकात, त्याच निर्मात्यांच्या गुळगुळीत कागदावरच्या पानभर जाहिराती असत. डावीकडच्या पानावर 'युगप्रवर्तक कलाकृती' आणि उजवीकडच्या पानावर संपादकांनी त्याच कंपनीच्या मागच्या कलाकृतीची केलेली धुलाई! जाहिरातदार रागावून जात आणि परत येत, कारण वाचक तिथेच होता.

बाबूरावांविषयी माझं मत संमिश्र आहे. त्यांच्या लेखणीत जोर होता, पण न्यायबुद्धी नेहमी असेच असं नाही. व्यक्तिगत राग-लोभ, कुणाच्या रूपावर, कुणाच्या जातकुळीवर शेरे, हे त्यांनी पुष्कळ केलं आणि ते आज वाचवत नाही. मुख्य म्हणजे स्वतः दुसऱ्यांच्या चित्रपटांचं भविष्य इतक्या ठामपणे सांगणाऱ्या या गृहस्थाने सुशीलाराणींना घेऊन 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' काढले, तेव्हा त्यांचं स्वतःचं भाकीत काही जमलं नाही. दोन्ही चित्रपट चालले नाहीत. पुढे ते राजकारणाकडे वळले, मासिकाचं नावही बदललं, आणि १९६७ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. पण चित्रपटाविषयी निर्मात्याला न विचारता बोलता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं ते दिलंच.

त्याच सुमारास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये ख्वाजा अहमद अब्बास चित्रपटांवर लिहीत होते. त्यांची रीत वेगळी. जे आवडलं ते दहा वेळा सांगायचं. शांतारामबापूंच्या 'माणूस'वर, म्हणजे त्याच्या हिंदी 'आदमी'वर ते फिदा होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. शेवटी बाहेरून बोलण्याचा कंटाळा येऊन ते आतच गेले, 'नया संसार'पासून कथा-पटकथा लिहू लागले. बाबूराव आत होते ते बाहेर येऊन बोलू लागले, अब्बास बाहेर होते ते बोलता बोलता आत गेले. 

मराठी वाचकासाठी हे काम पुढे साप्ताहिकांनी केलं. नाशिकहून निघणारं 'रसरंग' गावोगावच्या केशकर्तनालयांत आणि वाचनालयांत पोहोचलेलं होतं. मुंबईचा चित्रपट तालुक्याच्या गावी यायला तेव्हा महिने लागत, काही वेळा वर्ष. त्यामुळे तालुक्याच्या वाचकाला परीक्षण हेसुद्धा भाकीतच असायचं! मुंबईने पाहून टाकलेल्या चित्रपटाविषयी तो आगाऊ वाचत असे आणि वाट बघत असे.

मी ज्या माध्यमातून आपल्याशी बोलतो आहे त्याचाही यात मोठा वाटा आहे, आणि तो थोडा उशिरा सुरू झाला. १९५२ मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळपास दार बंद केलं, तेव्हा श्रोता रेडिओ सिलोनकडे गेला. तिथे त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती आली. पण जाहिराती नव्हत्या. त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर सुरू झाल्या आणि थोड्याच काळात नव्या चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम रेडिओवर ऐकू येऊ लागले.

या कार्यक्रमांची बांधणी पाहा. एक गाणं, पण अर्धंच. मग संवादाचा तुकडा, त्यात बहुधा एक थप्पड नाहीतर एक हुंदका. मग निवेदकाचा खालच्या पट्टीतला प्रश्न, 'काय वहिनीला खरं कळेल?' पुन्हा गाणं. आणि शेवटी एका दमात थिएटरांची नावं. चोपडीतलं कथासारच ते, फक्त त्याला आवाज मिळालेला. अमीन सयानींनी असे अनेक कार्यक्रम केले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा बहुतेकांनी 'गीतमाला'ची आठवण काढली, ते बरोबरच आहे. पण न पाहिलेल्या चित्रपटाविषयी ओढ लावण्याची त्यांची हातोटी हीसुद्धा एक कला होती. ज्या घरात महिन्याकाठी एखादा चित्रपट परवडायचा, त्या घराने बाकीचे चित्रपट असे कानांनीच पाहिले. ते नुकसान होतं असं मला वाटत नाही. कानाने पाहिलेले काही चित्रपट पुढे डोळ्यांनी पाहिल्यावर फिके वाटले!

आता या सगळ्या भाकितांची कसोटी म्हणून एक वर्ष घेऊ, १९७५. त्या वर्षी दोन चित्रपट आले. एक 'शोले', १५ ऑगस्टला, शुक्रवारी. प्रचंड खर्च, सत्तर मिलिमीटर, मोठ्ठी नावं. आधीची हवा जबरदस्त. पण पहिल्या दिवसांत व्यापारातल्या जाणकारांनी तोंडं वाकडी केली, परीक्षणंही थंड आली. एका प्रसिद्ध इंग्रजी पाक्षिकाने तर त्याला विझलेला निखारा म्हटलं. निर्माते इतके हादरले की शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा की काय, यावर बैठक झाली. रमेश सिप्पींनी थोडं थांबायचं ठरवलं. थिएटरात लोक शिट्ट्या मारत नव्हते, कारण ते गप्प बसून ऐकत होते. काही आठवड्यांत संवाद लोकांच्या तोंडी बसले आणि मग त्या संवादांची वेगळी तबकडी निघाली. मुंबईच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ राहिला.

दुसरा 'जय संतोषी माँ'. थोडक्या पैशात केलेला, नाव घ्यावं असा नट नाही. त्याच्याविषयी कुणी भाकीतसुद्धा केलं नाही, तेवढी त्याची पतच नव्हती. सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या. मग बायका जाऊ लागल्या, जाऊन आलेल्या शेजारणींना घेऊन परत गेल्या, थिएटराच्या दारात चपला काढून आत गेल्या, पडद्यावर नाणी उधळली. वर्षातला सगळ्यात मोठ्या यशांपैकी एक असा तो ठरला.

जाणकार दोन्हीकडे चुकले, याचं मला विशेष वाटत नाही, ते चुकतातच. पाच वर्षं आधी 'मेरा नाम जोकर'वर सगळ्यांनी पैज लावली होती, तो कोसळला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, १९७५ मध्ये चुकीचं भाकीत पुसायला चित्रपटाला वेळ मिळत होता. थिएटर एका पडद्याचं, करार आठवड्यांचा. पहिला आठवडा कोरडा गेला तरी दुसरा हाती असे. १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रलमध्ये लागलेला प्रभातचा 'संत तुकाराम' वर्षाहून अधिक काळ तिथे होता. ज्याला आज कुणी तरी सांगितलं, तो दोन महिन्यांनी गेला तरी तुकोबा तिथे भेटत.

जाता जाता एक वार सांगतो. 'श्री पुंडलिक', 'राजा हरिश्चंद्र', बाबूराव पेंटरांची १९२० ची 'सैरंध्री', पहिला बोलपट 'आलम आरा', प्रभातचा 'अयोध्येचा राजा', आणि हा 'संत तुकाराम', या सगळ्यांच्या प्रदर्शनाच्या तारखा काढून पंचांगाशी ताडून पाहा. प्रत्येक वेळी शनिवार येतो! शुक्रवार आपल्याकडे नंतर रुळला. 'मुघल-ए-आझम' १९६० मध्ये शुक्रवारी आला, 'शोले'ही शुक्रवारी. ज्या शुक्रवारला आपण सिनेमाचा जन्मवार समजतो, तो असा मागून आलेला आहे.

तर वेळ. तोच आता उरलेला नाही. बहुपडदा चित्रपटगृहं आल्यावर एका चित्रपटाचे खेळ कमी करून दुसऱ्याचे वाढवणं हे एका संध्याकाळचं काम झालं. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारी आकडे बघायचे आणि मंगळवारपासून लहान चित्रपट सकाळी अकराच्या खेळाला. नोकरदार माणूस त्या वेळी जाणार कसा? मग गल्ला आणखी खाली, आणि पुढच्या शुक्रवारी खेळ संपला. मराठी चित्रपटाला हे दुखणं नवं नाही. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'साठी दादरचं कोहिनूर ठरलेलं असताना तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं घाटत होतं. शिवसेनेने आंदोलन केलं आणि 'सोंगाड्या' लागला. तो किती धो धो चालला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे कोंडक्यांच्या चित्रपटाविषयी थिएटरवाल्याचं भाकीत काय होतं ते आपण समजून घ्यायचं. २०१५ मध्ये राज्य सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं, त्याची गरज याच दुखण्यातून आली.

अशा तीन दिवसांच्या आयुष्यात शुक्रवार सकाळच्या आठ ओळींचं वजन किती वाढतं, याचा विचार लिहिणाऱ्याने केला पाहिजे. 'शोले'ला विझलेला निखारा म्हटल्याने 'शोले'चं काही बिघडलं नाही. आज एखाद्या नवख्या दिग्दर्शकाच्या मराठी चित्रपटाला, न पाहता, 'विषय चांगला, पण संथ वाटतो' असं म्हटलं, तर ते वाक्य खोडून काढायला त्याच्याजवळ दुसरा आठवडा नाही. 'जय संतोषी माँ'च्या त्या शेजारणी आज बोलावून आणल्या तरी त्या पोहोचेपर्यंत चित्रपट उतरलेला असेल.

यावर निर्मात्यांनी काढलेला उपाय मात्र मला पटत नाही. केरळ उच्च न्यायालयात समीक्षेच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध तक्रार गेली. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने मार्च २०२४ मध्ये सुचवलं की, चित्रपट लागल्यावर ४८ तास व्हिडिओवाल्यांनी परीक्षण करू नये. त्याच वर्षाच्या शेवटी तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयात तीन दिवसांची बंदी मागितली, ती न्यायालयाने तेव्हा दिली नाही. पैसे उकळणाऱ्याला पकडा, जरूर पकडा. पण गंमत बघा, या मागणीत कुणी असं म्हटलं नाही की तीन दिवस जाहिरातही नको. विकणाऱ्याने सहा महिने आधीपासून बोलायचं आणि पैसे देऊन आत गेलेल्याने तीन दिवस तोंड मिटून बसायचं, हा न्याय १९१२ च्या 'निम्मी मुंबई पाहून आली' या जाहिरातीच्या काळात आपल्याला परत नेतो.

बंदीपेक्षा एक साधी गोष्ट करण्यासारखी आहे. त्या रकान्यात प्रत्येक नावापुढे लिहावं, 'पाहिला' किंवा 'पाहिलेला नाही'. जो पाहिला त्याच्याविषयी हवं ते आणि हवं तितकं कडक बोलावं. जो पाहिलेला नाही त्याच्याविषयी काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, एवढं सांगावं. फाळक्यांनी संपादकांना ऑलिंपियात बोलावलं ते याचसाठी की, त्यांनी आधी पाहावं आणि मग बोलावं.

आणि हे बोललेलं टिकतं, हेही ध्यानात असू द्यावं. 'राजा हरिश्चंद्र'ची पुण्याच्या संग्रहालयात आहेत ती थोडी रिळं, सबंध चित्रपट नाही. 'आलम आरा', ज्याच्यासाठी १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकच्या दारात पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं, त्याची एकही प्रत आज कुठे नाही. आहेत त्या जाहिराती, छायाचित्रं आणि लोकांनी लिहिलेले शब्द. 'श्री पुंडलिक'चा तर एक फूटही उरलेला नाही. तो पहिला भारतीय चित्रपट होता की नव्हता यावर आजही वाद होतो, आणि तोरणे यांच्या बाजूने बोलणारे पुरावा म्हणून पुढे काय करतात, तर २५ मे १९१२ चा तोच वर्तमानपत्राचा कागद, ज्यात उरलेल्या निम्म्या मुंबईला बोलावणं धाडलेलं आहे.